‘अ‍ॅडजस्ट’ म्हणजे नेमकं काय? आठवीतल्या एका वाक्यावर अडलेय

फळा_खडू, भांडुप

नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. चार दिवस झाले, एका शब्दावर अडलेय आणि एक उत्तरपत्रिका गुण न देता तशीच बाजूला ठेवलीय. म्हणून इथं विचारतेय.

घटक चाचणीत नेहमीचा प्रश्न होता, दिलेल्या शब्दांचा वाक्यात उपयोग करा. पाच शब्द, प्रत्येकी एक गुण. त्यातला एक ‘अ‍ॅडजस्ट’. बहुतेकांनी गाइडातलं वाक्य उतरवलं, ‘वी शुड अ‍ॅडजस्ट विथ अदर्स’. हे वाक्य मी पंधरा वर्षं तपासतेय. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र स्वतःचं वाक्य लिहिलं होतं: ‘माय मदर अ‍ॅडजस्ट्स एव्हरी डे.’

लाल पेन तिथंच थांबलं. कर्ता एकवचनी, क्रियापदाला एस लावलेला, शेवटी पूर्णविराम. चूक काढायला कुठं जागा नाही, तरी काहीतरी अर्धवट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, अ‍ॅडजस्टचा अर्थ तू काय धरलास? ती म्हणाली, ‘मॅडम, अ‍ॅडजस्ट म्हणजे सहन करणं ना?’ मी म्हटलं, नाही गं, जुळवून घेणं. ती म्हणाली, ‘तेच ना मॅडम.’ आणि डबा खायला पळाली.

ते ‘तेच ना’ माझ्या मनातून जात नाही. ते तेच नाही असं मला आतून वाटतं, पण का नाही, हे तिला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. मग दिवसभर हा शब्द कुठं कुठं कानावर पडतो ते लक्ष देऊन ऐकायला लागले. शेअर रिक्षात मागे तीन बसलेले असताना रिक्षावाला म्हणतो, जरा अ‍ॅडजस्ट करा. वाण्याकडे दोन रुपये सुटे नसतात, तो म्हणतो, पुढच्या वेळी अ‍ॅडजस्ट करू. शाळेत कोणी रजेवर असलं की त्यांचा तास मला ‘अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणून मिळतो. शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरतंय, तिकडून निरोप आला, मुलगी शिकलेली आहे ते ठीक, पण अ‍ॅडजस्ट करणारी आहे ना? आणि घरी आले तर आमचे हे स्टुलावर उभं राहून टीव्हीचा कोन अ‍ॅडजस्ट करत होते. एकाच शब्दात इतकं सगळं कसं मावतं?

हा शब्द आला कुठून? इंग्रजी ज्यांची मायबोली आहे ते लोक तो कसा वापरतात? आणि तिच्या वाक्याला गुण द्यायचा की नाही? मला मुलीला खरं उत्तर द्यायचंय.

कमान_काटा, ठाकूरद्वार

बाई, मी घड्याळं दुरुस्त करतो. आजोबांनी सुरू केलेलं दुकान, आता तिसरी पिढी. आमच्या धंद्यात हा शब्द रोजचा आहे आणि त्याचा अर्थ फार काटेकोर आहे, म्हणून लिहितो.

चावीचं घड्याळ मागून उघडलं की एक गोल चाक मागेपुढे झुलताना दिसतं. ते बॅलन्स व्हील. त्याच्यावर केसासारखी बारीक, गोल गुंडाळलेली कमान असते, ती हेअरस्प्रिंग. एचएमटी जनता घेतलंत तर हे चाक सेकंदाला पाच ठोके देतं. वर एक इवलीशी दांडी असते. तिच्या एका टोकाला एफ आणि दुसऱ्या टोकाला एस कोरलेलं असतं, फास्ट आणि स्लो. जुन्या स्विस घड्याळांवर ए आणि आर दिसतं, ती फ्रेंच शब्दांची अक्षरं. दांडी एफकडे सरकवली की कमानीची चालती लांबी कमी होते आणि घड्याळ जोरात पळायला लागतं. गिऱ्हाईक याला अ‍ॅडजस्ट करणं म्हणतं. कारागीर म्हणतो रेग्युलेट करणं.

अ‍ॅडजस्ट त्याच्या पुढचं काम, आणि अवघड काम. घड्याळ टेबलावर उताणं ठेवा, पालथं ठेवा, चावी वर करून उभं धरा, चावी खाली करून धरा, प्रत्येक वेळी त्या चाकावरचा ओढा बदलतो आणि चाल थोडी थोडी सुटते. उताणं असताना बरोबर चालणारं घड्याळ उभं धरलं की मागे पडतं. मग चाकाचं वजन कुठे कणभर जास्त आहे ते शोधायचं, तिथलं खरवडायचं, कमानीचं वळण भिंगातून बघत चिमट्यानं सरळ करायचं, आणि पुन्हा सगळ्या बाजूंनी तपासायचं. चांगल्या घड्याळाच्या आत ‘अ‍ॅडजस्टेड फाइव्ह पोझिशन्स’ असं कोरलेलं असतं ते यासाठी. अमेरिकेच्या १९३०च्या आयात कायद्यात अशा प्रत्येक अ‍ॅडजस्टमेंटवर वेगळी जकात होती. ती वाचावी म्हणून तिकडे जाणाऱ्या कित्येक स्विस यंत्रांवर ‘अनअ‍ॅडजस्टेड’ असं कोरून पाठवायचे. तशी यंत्रं माझ्या हाताखालून गेली आहेत.

तर आमच्याकडे अ‍ॅडजस्टेड घड्याळ म्हणजे कसंही ठेवलं तरी आपली चाल न सोडणारं घड्याळ. तुमच्या मुलीनं धरलेल्या अर्थाच्या बरोबर उलट.

जाता जाता एक मुंबईची गोष्ट. १ जानेवारी १९०६ला देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबईची स्वतःची वेळ होती, ती या नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. शहरानं ती सोडली नाही. महापालिकेची घड्याळं स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबई टाइमवर चालत होती. आजोबा सांगायचे, दुरुस्त झालेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात देताना विचारावं लागायचं, रेल्वेची वेळ लावू की मुंबईची? घड्याळ लावायचं तर आधी कशाशी लावायचं ते माहीत हवं. त्या मुलीला हेच विचारा. आई अ‍ॅडजस्ट करते, पण कशाशी?

चौथी_सीट, मुलुंड

मी या शब्दाच्या बाजूनं बोलणार आहे. चोवीस वर्षं लेडीज डब्यातून सीएसएमटीला जातेय आणि त्यातली निदान वीस वर्षं चौथ्या सीटवर बसून.

जे लोकलनं जात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बाक तिघींचा असतो. चौथी आली की ती नुसती बघते आणि हातानं खूण करते, फार तर ‘जरा अ‍ॅडजस्ट’ एवढं म्हणते. तिघी चार चार बोटं सरकतात. बारा बोटं झाली, म्हणजे एक वीत. त्या एका वितीवर मी कुर्ल्यापर्यंत जाते. एक पाय आत, एक पाय बाहेरच्या वाटेत, पर्स मांडीवर उभी. खिडकीपाशी बसलेलीला काही त्रास नाही असं समजू नका, तिचा खांदा पत्र्याला लागलेला असतो. मग कुर्ल्याला कोणी उतरली की सगळ्या आत सरकतात आणि मी पूर्ण बसते. आणि तेव्हा माझ्यापुढे कोणी उभी असेल तर मी सरकते. हे न सांगता होतं. चोवीस वर्षांत भांडणंही बघितलीत, पण त्यापेक्षा सरकलेल्या बायका किती तरी जास्त बघितल्यात. आठव्या महिन्यात होते तेव्हा मला खिडकी देणारी बाई कोण होती ते मला आजही माहीत नाही.

तेव्हा शब्दाला दोष नको. डब्यात हा शब्द म्हणणारी आणि ऐकणारी दोघी दमलेल्या असतात आणि दोघी हलतात. घरात मात्र वेगळं. माझ्या लग्नानंतर पहिल्या वर्षात मला जितक्या जणांनी ‘अ‍ॅडजस्ट कर’ म्हणून सांगितलं, त्यातलं एकही माणूस स्वतः जागचं चार बोटं हललं नव्हतं. तुमच्या विद्यार्थिनीनं घरात तोच ऐकलाय, माझ्या मते. तिला एकदा सकाळच्या गाडीतला दाखवा.

रात्रपाळी, मालाड

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. सहा वर्षं अमेरिकन गिऱ्हाइकांचे फोन घेतोय.

पहिल्याच महिन्यात एका माणसाचं पार्सल दोन दिवस उशिरा जाणार होतं. मी अगदी मनापासून म्हटलं, ‘सर, प्लीज अ‍ॅडजस्ट.’ तिकडून शांतता. मग तो म्हणाला, ‘अ‍ॅडजस्ट व्हॉट?’ तो चिडला नव्हता, त्याला खरोखर कळलं नव्हतं. आपण ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणतो तेव्हा सरका, सांभाळून घ्या, थोडं सोसा, तडजोड करा हे चारही त्यात येतं. हा आपल्याकडचा इंग्रजी वापर आहे. तिकडे या शब्दापुढे बहुतेक वेळा एखादी वस्तू लागते. आरसा अ‍ॅडजस्ट करा, आवाज अ‍ॅडजस्ट करा, पट्टा अ‍ॅडजस्ट करा.

वस्तू न लावताही तो वापरतात, पण तेव्हा अर्थ होतो नव्या परिस्थितीची सवय होणं. नव्या शहरात आलेल्या माणसाबद्दल म्हणतील, तो अजून अ‍ॅडजस्ट होतोय. अंधारात डोळे अ‍ॅडजस्ट होतात. पुढे ‘टु’ येतो, गाइडातल्यासारखा ‘विथ’ नाही. आणि इथं एक बारकी गोष्ट आहे, ती मला फोनवर बोलून बोलून कळली. त्यांच्या मनात अ‍ॅडजस्ट होणं ही संपणारी गोष्ट असते. काही दिवस लागतात, मग सवय झाली, विषय मिटला. म्हणून ‘एव्हरी डे’ त्यांना खटकेल. रोज रोज अ‍ॅडजस्ट होणारं माणूस म्हणजे ज्याचं ते कधी पूर्ण होतच नाही.

बाई, मला वाटतं तुम्हाला जे अर्धवट वाटलं ते हेच. व्याकरणात बसतं, पण इंग्रजी कान पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. आणि मुलीला जे म्हणायचं होतं ते त्या ‘एव्हरी डे’तच आहे, तेव्हा तो काढू नका.

खिळे_जुळारी, करी रोड

उशिरा लिहितोय, माफी असावी. दोन दिवस कोश उघडून बसलो होतो. माझी हयात गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेली, आणि नंतर नजर चांगली म्हणून मुद्रितं तपासण्यात. शब्द दिसला की उलटून बघायची सवय तिथलीच.

लॅटिनमध्ये ‘युक्स्टा’ म्हणजे जवळ, लगत, शेजारी. त्याला ‘अ‍ॅड’ हा उपसर्ग लागून ‘अ‍ॅडयुक्स्टारे’ झालं, म्हणजे जवळ आणणे. जुन्या फ्रेंचमध्ये तो गेला तो गोळा करणे, जोडणे हे अर्थ घेऊन. आजच्या फ्रेंचमध्ये ‘आझुते’ म्हणजे भर घालणे, मिळवणे. तो याच घरातला. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस एकदा येऊन गेला, आणि आजचा अर्थ घेऊन सतराव्या शतकात फ्रेंचमधूनच पुन्हा आला.

मधल्या वाटेवर एक घडामोड झाली. फ्रेंचमध्ये ‘ज्यूस्त’ म्हणजे न्याय्य, नेमकं, बरोबर. इंग्रजीतला ‘जस्ट’ तोच. त्याचं मूळ निराळं, लॅटिन ‘युस’ म्हणजे कायदा, हक्क. पण कानाला दोन्ही शब्द सारखे लागत गेले, आणि जवळ आणण्याच्या शब्दात लोकांना न्यायाचा शब्द ऐकू येऊ लागला. वजनं-मापं तपासून खरी करणं यालाही फ्रेंचमध्ये हेच क्रियापद होतं. ते थेट ‘ज्यूस्त’वरूनच घडलं असं मानणारे कोशकारही आहेत. कुठलंही मत घ्या, आजच्या शब्दात दोन ओढ्यांचं पाणी आहे, जवळ येण्याचं आणि बरोबर मापाला येण्याचं. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात सुव्यवस्थित करणं आणि खऱ्या मापाला आणणं हे अर्थ ठळक आहेत. सहन करणं त्यात नाही.

छापखान्यात या ‘जस्ट’शी माझी रोज गाठ पडायची. ओळ स्टिकच्या, म्हणजे खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीच्या, मापात पुरी बसवणं याला जस्टिफाय करणं म्हणतात. ओळ अपुरी पडली म्हणून एकाच जागी जाड स्पेस घातली तर तिथं भगदाड दिसतं. म्हणून प्रत्येक दोन शब्दांमध्ये कागदासारखी पातळ स्पेस वाटून घालायची, की कोणाला कळूही नये जागा कुठून आली. चौथी सीट ताईंची चार चार बोटं वाचताना मला ती स्टिक आठवली. ताई, तुमचा बाक म्हणजे शुद्ध युक्स्टा. त्याच युक्स्टाचा आणखी एक वंशज इंग्रजीत आहे, ‘जाउस्ट’. घोड्यावर बसून, भाले रोखून दोन सरदार एकमेकांवर चालून जायचे तो खेळ. मूळ अर्थ जवळ येणं, भिडणं. जवळ आलेली माणसं भांडूही शकतात हे त्या लोकांनाही ठाऊक होतं.

आता खरी गोष्ट. युक्स्टाच्या पोटात जो धातू आहे, तो लॅटिन ‘युंगेरे’ म्हणजे जोडणे याचा. त्याचंच ‘युगुम’, म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. इंग्रजी ‘योक’ हाच. आणि संस्कृत ‘युज्’ हाच. आपलं जू, युग, योग, संयोग, योजना, उपयोग, सगळी त्याच प्राचीन मुळाची लेकरं. बाईंनी ‘अ‍ॅडजस्ट’चा वाक्यात ‘उपयोग करा’ म्हणून प्रश्न घातला, त्यात दोन्ही भावंडं एका ओळीत बसली होती. सरकारी मराठीत अ‍ॅडजस्टमेंटला समायोजन म्हणतात, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन बाईंनी ऐकलंच असेल. त्या शब्दातही तोच ‘युज्’. आणि सगळ्यात मला आवडला तो ‘योग्य’. योग्य म्हणजे मुळात जुवाला जोडता येण्याजोगा. बैल जुवाला नीट लागला तो योग्य. तिथून अर्थ चालत चालत बरोबर, उचित इथवर आला. ‘येण्याजोगा’मधलं जोगा हेसुद्धा त्या योग्यचंच झिजलेलं रूप.

मी मूळचा कराडकडचा. लहानपणी आमच्याकडे एक जोडी होती, थोरला बैल थकलेला आणि धाकटा दांडगा. नांगर जुंपताना चुलते दांडीचा दोर जुवाच्या बरोबर मध्यावर बांधत नसत. धाकट्याच्या बाजूला चार बोटं सरकवून बांधत. मला वाटायचं, हात चुकला. एकदा विचारलं तर म्हणाले, दोर ज्याच्या जवळ, ओढ त्याच्यावर जास्त. थोरल्याला लांबचा पल्ला द्यायचा म्हणजे त्याला भार कमी लागतो. जू एकच, नांगराचं तास सरळ, आणि संध्याकाळी दोन्ही बैल उभ्यानं घरी येत. दर दोन-चार दिवसांनी ते थोरल्याच्या खांद्यावर तळहात फिरवून बघत आणि गाठ पुन्हा कुठं बांधायची ते ठरवत. मी साठ वर्षांनी हे लिहितोय, पण तो हात मला दिसतो.

बाई, मुलीनं सांगितलेल्या घरात दोर कुठं बांधलाय ते मला माहीत नाही. तुम्ही तिला शब्दाचं मूळ सांगा, बाकी तिला दिसेल.

ताळेबंद, दादर

वरचं वाचून राहवलं नाही. मी अकरावी-बारावीच्या मुलांना बुककीपिंग शिकवतो. अंतिम खात्यांच्या गणितात खाली ‘समायोजना’ दिलेल्या असतात आणि पहिल्याच दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो, प्रत्येक समायोजनेचे दोन परिणाम. मार्चचा पगार द्यायचा राहिला असेल तर तो नफातोटा खात्यात पगारात मिळवायचा आणि ताळेबंदात देणं म्हणूनही दाखवायचा. एकाच ठिकाणी लिहिला की दोन बाजूंची बेरीज जुळत नाही, आणि मुलं अर्धा तास चूक शोधत बसतात. ज्याचे पैसे राहिलेत त्याचं नाव देण्याच्या बाजूला लिहिलंच पाहिजे. बाईंना वर्गात हे उदाहरण चालेल का बघा. आठवीला जड जाईल कदाचित.

फळा_खडू, भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जोड तास होता, त्यात हे सगळं घेतलं. पूर्ण नाही, ताळेबंद खरंच जड गेलं असतं. पण घड्याळ सांगितलं, बाक सांगितला, आणि जू फळ्यावर काढलं. बैल मला नीट काढता येत नाहीत, एका मुलानं येऊन काढून दिले. तो सुट्टीत गावी जातो, त्याला शिवळासुद्धा माहीत होत्या. जुवाला दोन्ही बाजूंनी ज्या खुंट्या असतात त्या. त्यानं त्या काढल्या आणि वर्गाला नाव सांगितलं. मग दोर सरकवल्यावर काय होतं ते बघायला आम्ही फूटपट्टीला मध्ये दोरी बांधून दप्तर लटकवलं आणि दोघींना दोन टोकं धरायला दिली. दोरी एकीकडे सरकवल्याबरोबर तिकडची मुलगी ओरडली, ‘जड झालं!’ विज्ञानाच्या सरांनी दारातून डोकावून बघितलं.

मग म्हटलं, आता पुन्हा वाक्य करा. फक्त हे तीन प्रश्न स्वतःला विचारून करा: कोण, काय, कशाशी. पंचेचाळीस वह्या तपासल्या. गाइडातलं वाक्य एकातही नव्हतं. ‘माय फादर अ‍ॅडजस्ट्स द मिरर ऑफ हिज रिक्षा.’ ‘आय अ‍ॅडजस्टेड माय बॅग बिकॉज वन बेल्ट इज ब्रोकन.’ एकानं लिहिलं, ‘माय ग्रँडफादर इज स्टिल अ‍ॅडजस्टिंग टु द लिफ्ट.’ त्यांची चाळ पाडून इमारत झाली, आजोबा अजून जिन्यानं जातात. रात्रपाळी, तुमचा ‘टु’ त्याला बरोबर कळला.

तिसऱ्या बाकावरची मुलगी बराच वेळ काही लिहीत नव्हती. मी मुद्दाम तिच्याजवळ गेले नाही. तास संपायच्या आधी वही घेऊन टेबलाशी आली. लिहिलं होतं, ‘माय मदर अ‍ॅडजस्ट्स हर स्लीप फॉर द वॉटर एव्हरी डे.’

त्यांच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं, ते तिनं मला तेव्हाच सांगितलं. चाळ टेकडीवर आहे, वरच्या नळाला अर्धा तासच धार असते. आई रात्री अकराला झोपते.

मी म्हटलं, वाक्य छान झालंय, फक्त शब्दयोगी अव्यय बघ. पाण्याच्या वेळेशी जुळवते ना? मग ‘फॉर’ नाही, ‘टु’ येईल. तिनं खोडलं, ‘टु द वॉटर’ केलं. पण वही माझ्याकडे दिली नाही. तिथंच उभी राहून तिनं विचारलं, ‘मॅडम, मग फॉर कधी येतो?’

म्हटलं, ज्याच्यासाठी करतो, त्याच्या आधी.

तिनं पेन उघडलं आणि पूर्णविरामावर रेघ मारून पुढे दोन शब्द लिहिले. ‘माय मदर अ‍ॅडजस्ट्स हर स्लीप टु द वॉटर एव्हरी डे, फॉर अस.’

जुनी उत्तरपत्रिका काढली आणि त्या पहिल्या वाक्यालाही पूर्ण गुण दिला.